गटेचा 'फाउस्ट', पण आवाजाशिवाय : मूकपटात जर्मन साहित्याचं काय झालं?

शाईची_दौत

नमस्कार मंडळी. आमचा पुण्यात एक छोटा वाचनगट आहे. दहा-बारा जण, दर गुरुवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी. गेल्या पावसाळ्यात विंदा करंदीकरांनी मराठीत आणलेला जर्मन कवी गटेचा 'फाउस्ट' हे नाटक (भाग १) वाचायला घेतला. पाळीपाळीने, मोठ्याने. दिवाळीच्या तोंडावर संपला. शेवटचा तुरुंगाचा प्रवेश वाचून झाल्यावर पाच मिनिटं कुणी चहालासुद्धा उठलं नाही.

आता जर्मन दिग्दर्शक मुर्नाउने १९२६मध्ये केलेला 'फाउस्ट' हा मूकपट सगळ्यांनी मिळून बघायचं चाललंय आणि त्यावरून गटात सरळ दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, या नाटकातून शब्द काढले तर उरतं काय? एक म्हातारा (फाउस्ट), एक सैतान (मेफिस्टो), एक फसलेली पोर (ग्रेटशेन). एवढं तर कुठल्याही गोष्टीत असतं. दुसऱ्या तटाचं म्हणणं, बघितल्याशिवाय बोलू नका.

मी आधी एकटीने बघून ठेवला. सुरुवातीलाच गावावर मेफिस्टो उभा राहतो. म्हणजे खरोखर गावावर. खाली इवली इवली छपरं, निमुळते कळस, आणि त्यांच्या मागून आभाळभर वाढत गेलेला काळा झगा. त्याच्या सावलीत गाव बुडतं आणि काजळीसारखी रोगराई गल्ल्यांमधून उतरते. गटेच्या नाटकात असं काही नाही. तरी ते बघताना मला पहिल्यांदा मेफिस्टोची भीती वाटली. वाचताना तो मला आवडत होता! इतका हुशार बोलतो तो.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. जर्मन भाषेतली ही सगळी मोठी पुस्तकं शब्दांवर उभी आहेत. तिथल्याच लोकांनी ती मूकपटात का आणली, कशी आणली? काय गेलं आणि काय मिळालं? आणि गटासमोर चित्रपट लावण्याआधी नाटकातला एखादा भाग पुन्हा वाचावा का? जाणकारांनी लिहावं.

हिरवा_कंदील

सुंदर विषय. जागा पकडून बसतोय. येऊ द्या.

रीळवाला

ताई, 'का' या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात निम्मं 'कसं' आलं.

जर्मनीत सुरुवातीच्या काळात सिनेमा म्हणजे जत्रेतला खेळ मानला जायचा. शिकलेली माणसं तिकडे फिरकत नसत. १९१३च्या सुमारास तिथल्या निर्मात्यांनी नामवंत लेखक आणि रंगभूमीवरचे मोठे नट सिनेमात आणायला सुरुवात केली. पाउल लिंडाउच्या नाटकावरून 'देर आंदेरे' निघाला आणि त्यात आल्बर्ट बासरमानसारखा नट पडद्यावर उतरला. लेखकाचं नाव म्हणजे प्रतिष्ठेचा शिक्का. तेव्हापासून शिलर, लेसिंग, हाउप्टमान, गटे, कुणी सुटलं नाही.

पण प्रतिष्ठा घरी मिळाली तरी पैसा परदेशातून यायचा होता. १९२५च्या अखेरीस 'फाउस्ट' काढणाऱ्या उफा या जर्मन कंपनीने पॅरामाउंट आणि एमजीएम या अमेरिकन कंपन्यांशी करार केला होता. म्हणजे 'फाउस्ट' अमेरिकेतही चालायला हवा. तिथे गटेची जर्मन यमकं कोण वाचणार? मूकपटाची सोय अशी की मधल्या संवादांच्या पाट्या काढायच्या आणि दुसऱ्या भाषेतल्या घालायच्या, चित्रपट तयार. 'फाउस्ट'ची तर एकाहून जास्त निगेटिव्ह बनवली होती, एक जर्मनीसाठी आणि बाकीची बाहेर पाठवायला. त्यामुळे आज वेगवेगळ्या देशांतल्या प्रतींत तेच दृश्य थोड्या निराळ्या कोनातून, निराळ्या अभिनयाने दिसतं. तुम्ही लावण्याआधी कुठली प्रत आहे ते जरूर बघा. जर्मन प्रतीचं पुनरुज्जीवन झालेलं आहे, तीच घ्या.

पाट्यांचीही एक गंमत आहे. उफाने त्या गेरहार्ट हाउप्टमानकडून लिहवून घेतल्या होत्या. नोबेल मिळालेला नाटककार! त्याने पद्यात लिहूनही दिल्या. आणि पडद्यावर शेवटी वापरल्या त्या पटकथाकार हान्स क्युझरच्या, साध्या. माझ्या मते बरोबर केलं. पाटी पडद्यावर काही सेकंद असते. पद्य वाचायला थांबलात की समोरचा चेहरा डोळ्यांतून निघून जातो.

अनुस्वार

मी जर्मन शिकवते, म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नाटकात फाउस्ट अभ्यासिकेत बसून बायबलचं भाषांतर करायला घेतो तो प्रवेश आठवा. योहानच्या शुभवर्तमानाची पहिली ओळ : 'प्रारंभी शब्द होता.' लिहितो आणि अडतो. शब्दाला इतकं मोठं मानणं त्याला जमत नाही. मग तिथे 'अर्थ' घालून बघतो, मग 'शक्ती', आणि शेवटी लिहितो, 'प्रारंभी कृती होती.'

म्हणजे शब्दाला बाजूला सारायचं काम गटेच्या फाउस्टने स्वतःच केलंय! मुर्नाउने त्याचं ऐकलं, एवढंच. आणि चित्रपटाच्या शेवटी देवदूत मेफिस्टोला सांगतो की एका शब्दाने फाउस्टशी झालेला तुझा करार मोडला. तो शब्द 'प्रेम', जर्मनमध्ये 'लीबं'. सबंध मूकपट शब्दांशिवाय चालतो आणि निवाडा एका शब्दावर येतो. मला हे फार आवडतं.

भुईचाफा

अनुस्वारताई, मांडणी छान आहे पण मला पटली नाही. 'कृती' लिहिणारा फाउस्ट त्या निर्णयापर्यंत पोचतो तो शब्द घासून घासून. तीन शब्द तोलून बघतो, तेव्हा चौथ्यावर येतो. ते तोलणं म्हणजेच नाटक.

मी तीस वर्षं हौशी रंगभूमीवर काम करतोय. मेफिस्टोसारखी भूमिका नटाला का हवीशी वाटते? कारण तो प्रत्येकाशी त्याच्या त्याच्या भाषेत बोलतो. फाउस्टच्या वेशात बसून तो नव्या विद्यार्थ्याला उपदेश करतो तो प्रवेश घ्या. वाक्यावाक्याला विष, आणि पोरगं हात जोडून ऐकतंय. याचा मूकपट कसा करणार? एमिल यानिंग्स मोठा नट, नाकबूल करत नाही. पण पडद्यावर त्याच्याकडे उरतात भुवया, पोट आणि जीभ काढणं. मार्थाच्या बागेतला लाडीगोडीचा प्रसंग त्याने झकास केलाय, कारण तो देहबोलीचाच आहे. पण बुद्धीचा सैतान गेला आणि जत्रेतला सैतान आला.

तळटीप

भुईचाफादादा, जत्रेतला सैतान आला म्हणता, पण तो आला जत्रेतूनच होता.

चित्रपटाचं उपशीर्षक आहे 'एक जर्मन लोककथा'. 'गटेचे नाटक' असं ते म्हणतच नाही. फाउस्टच्या गोष्टीचं पुस्तक १५८७मध्ये फ्रांकफुर्टला योहान श्पीसने छापलं, गटेच्या जन्माआधी दीडेकशे वर्षं. त्यावरून इंग्लंडात मार्लोने नाटक लिहिलं, ते फिरत्या नटांबरोबर जर्मनीत परत आलं आणि पुढे कळसूत्री बाहुल्यांच्या खेळात जाऊन बसलं. गटेला लहानपणी फाउस्टची ओळख झाली ती या बाहुल्यांच्या खेळातून.

तेव्हा मुर्नाउने गटेला कमी केलं असं म्हणण्यापेक्षा गोष्ट गटेच्या आधीच्या वाटेवर नेऊन सोडली असं म्हणावं. रोगराई, चौरस्त्यावर सैतानाला बोलावणं, झग्यावर बसून उड्डाण, ही सगळी त्या वाटेवरची मंडळी.

भुईचाफा

ही माहिती नवीन होती, आभार. तरी ग्रेटशेन कुठून आली? ती ना श्पीसच्या पुस्तकात, ना मार्लोकडे. ती गटेची. आणि अर्धा चित्रपट तिच्यावर उभा आहे. म्हणजे गटे नको असं नाही, त्याची मुलगी हवी पण त्याची भाषा नको.

तळटीप

हे मात्र मान्य.

मोडीवेडा

अवांतर : गटे की ग्योटे? दर धाग्यावर वेगळं दिसतं.

अनुस्वार

मूळ उच्चार 'ग्योऽटं'च्या जवळ जातो. मराठीत 'गटे' कित्येक वर्षं रुजलंय, तेच चालू ठेवू. वर्गात पहिल्या दिवशी यावर अर्धा तास जातो, इथे नको.

म्युनिककर

वर लेसिंगचं नाव आलंय म्हणून लिहितो. मी म्युनिकला राहतो. काही वर्षांपूर्वी इथे 'नाथान देर वाइझे' हा १९२२चा मूकपट जिवंत संगीतासह बघायला मिळाला. दिग्दर्शक मानफ्रेड नोआ, नाथानच्या भूमिकेत वेर्नर क्राउस.

ज्यांना मूळ नाटक माहीत नाही त्यांच्यासाठी : लेसिंग, १७७९. जेरुसलेम, धर्मयुद्धांचा काळ. नाथान हा ज्यू व्यापारी, सुलतान सलादिन आणि एक तरुण ख्रिस्ती टेंपलर योद्धा यांची गोष्ट. सलादिन नाथानला विचारतो, तिन्ही धर्मांत खरा कोणता? नाथान उत्तर देत नाही, गोष्ट सांगतो. एका घराण्यात एक अंगठी, बापाकडून लाडक्या मुलाकडे जाणारी. एका बापाला तिन्ही मुलं सारखीच लाडकी, म्हणून तो हुबेहूब आणखी दोन करवून घेतो. बाप गेल्यावर मुलं भांडत न्यायाधीशाकडे जातात.

आता विचार करा, हे सगळं नाटक म्हणजे माणसं बसून बोलतायत. लढाई संपलेली, आग विझलेली, जे घडायचं ते घडून गेलंय. मूकपटवाल्यांनी काय केलं? घडून गेलेलं सगळं बाहेर काढलं. वेढा, घोडदळ, जळतं शहर, हजारोंची गर्दी. आणि नाथानच्या कुटुंबाची हत्या.

ती हत्या हा माझ्या दृष्टीने कळीचा मुद्दा आहे. नाटकात ती चौथ्या अंकापर्यंत आपल्याला ठाऊकच नसते. तोवर नाथान म्हणजे एक शांत, श्रीमंत, समंजस माणूस. मग एका साध्या मठवासीला तो एकांतात सांगतो : गाथमध्ये ख्रिश्चनांनी सगळ्या ज्यूंना मारलं, माझी बायको आणि सात मुलगे माझ्या भावाच्या घरात जळाले. तीन दिवस, तीन रात्री मी राखेत पडून देवाशी भांडलो. तेवढ्यात तू घोड्यावरून आलास आणि झग्यात गुंडाळलेलं एक ख्रिस्ती मूल माझ्या हातात दिलंस. मी ते अंथरुणावर नेलं, त्याचा मुका घेतला, गुडघ्यांवर पडलो आणि म्हणालो, देवा, सातांपैकी एक तरी परत आलं.

हे वाचताना मागचे तीन अंक आपोआप पुन्हा वाचले जातात. इतका समंजसपणा कुठून आला ते तेव्हा कळतं. चित्रपटात ही आग आपण आधीच बघतो, घडलं त्या क्रमाने. दृश्य भयंकर आहे, थिएटरात चिटपाखरू हललं नाही. पण नाथान पुढे जे जे करतो ते आपल्याला माहीत असलेल्या दुःखातून करतो. उलगडा राहत नाही.

तरीही सांगतो, हा चित्रपट व्हायला हवा होता. त्या काळात म्युनिकमध्ये तो दाखवणं सोपं नव्हतं. नाझींच्या धमक्यांमुळे इथल्या एका थिएटरवाल्याला तो उतरवावा लागला. पुढे कितीतरी वर्षं चित्रपट हरवल्यातच जमा होता. १९९६मध्ये मॉस्कोच्या संग्रहात प्रत सापडली आणि इथल्या फिल्म म्युझियमने ती दुरुस्त केली. लेसिंगचं नाटक वाचून कुणी थिएटरात धमकी द्यायला गेलं असतं का, मला शंका आहे. चित्राची भीती वाटली त्यांना.

भुईचाफा

म्युनिककर, फार चांगला प्रतिसाद. 'सातांपैकी एक' वाचून अंगावर काटा आला.

अंगठीचंच बघा. बाप, तीन मुलं, तीन अंगठ्या, हे पडद्यावर सहज येईल. पण न्यायाधीश काय म्हणतो? ज्या अंगठीने माणूस सगळ्यांना प्रिय होतो ती खरी, तुम्ही तिघंही फक्त स्वतःवर प्रेम करताय, तेव्हा तिन्ही खोट्या असतील. मग प्रत्येकाने आपली खरी समजून तसं वागून दाखवा. हा युक्तिवाद आहे. याला चेहरा नाही. पाटीच लावावी लागणार.

रंकाळा

सगळे शब्दच शब्द करताय म्हणून उलटं उदाहरण देतो. 'दी नीबेलुंगेन', दिग्दर्शक फ्रिट्झ लांग, १९२४, दोन भाग. इथे मूळ पुस्तक नव्हतंच मुळी, होतं गाणं. साधारण १२००च्या आसपास लिहून काढलेलं महाकाव्य, पण त्याच्या आधी किती पिढ्या तोंडी फिरलं असेल. म्हणूनच लांगने दोन्ही भाग सर्गांत बांधलेत, प्रत्येकात सात. वर्म्सच्या दरबारात फोल्कर नावाचा भाट कथानायक झिगफ्रीडची गाणी गातो, आणि आपल्याला एक अक्षर ऐकू येत नाही तरी सगळा दरबार ऐकताना दिसतो.

झिगफ्रीड अजगरासारख्या राक्षसाला मारतो आणि त्याच्या रक्तात आंघोळ करतो, त्याने त्याचं अंग अभेद्य होतं. तेवढ्यात लिंडनच्या झाडाचं एक पान सुटतं आणि पाठीवर, खांद्यांच्या मध्ये, येऊन चिकटतं. तेवढी जागा कोरडी राहते. पुढचे दोन तास ते पान डोक्यातून जात नाही. त्याच्या बायकोकडून, क्रीमहिल्डकडून, वर्म्सच्या राजाचा सरदार हागन काढून घेतो की मर्म कुठे आहे, आणि ती नवऱ्याच्या रक्षणासाठी म्हणून त्या जागी अंगरख्यावर स्वतःच्या हाताने खूण शिवते. सुई आत जाते, बाहेर येते. पाटीची गरजच नाही. भाला तिथेच लागणार हे आपल्याला माहीत आहे.

आपल्याकडे याच्या आसपासचीच गोष्ट. १९२३मध्ये बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात 'सिंहगड' केला, हरिभाऊ आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवरून. त्यात शांतारामबापू शेलारमामा झाले होते. ती कादंबरी वाचलेले प्रेक्षक किती असतील? पण तानाजी कोण आणि दोर कुणी कापले हे पोवाड्यामुळे लहान पोरालाही ठाऊक. जिथे गोष्ट लोकांच्या तोंडी आहे तिथे मूकपटाला अर्धं काम आयतं मिळतं.

म्युनिककर

रंकाळा, तुमच्या उदाहरणातही तेच झालंय बघा! मूळ काव्यात त्या राक्षसाची लढाई आपल्याला दिसतच नाही. झिगफ्रीड वर्म्सला येतो, हागन खिडकीतून त्याच्याकडे बघतो आणि राजाला सांगतो की हा तोच असणार, याने असं असं केलंय. काही ओळींत संपतं. पानाची गोष्ट तर त्याहून पुढे, क्रीमहिल्ड हागनला सांगते तेव्हाच आपल्याला कळते. म्हणजे ती आपल्याला कळते त्याच क्षणी शत्रूलाही कळते.

लांगने दोन्ही गोष्टी उचलून आरंभी घडवून दाखवल्या.

रंकाळा

हे माहीत नव्हतं. मी मूळ काव्य कधी वाचलं नाही, चित्रपटच चार वेळा पाहिलाय.

बेळगावकरीण

अवांतर आहे पण आमच्या गावाकडचं आहे म्हणून लिहिणारच. 'नीबेलुंगेन'ची पटकथा थेआ फॉन हार्बूची. लांगची बायको, 'मेट्रोपोलिस'ही तिचाच. १९३३मध्ये त्यांचा घटस्फोट झाला. पुढे तिने ज्याच्याशी संसार मांडला ते आयी तेंडुलकर, बेळगावजवळच्या बेळगुंदीचे! जर्मनीत शिकायला गेलेले, बर्लिनमध्ये पत्रकारिता करत होते. युद्ध तोंडावर आलं तेव्हा ते परत आले आणि ती तिकडेच राहिली. त्यांच्या लेकीने (नंतरच्या लग्नाच्या) या सगळ्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलंय, जरूर वाचा.

आमच्याकडे जुनी माणसं त्यांच्याविषयी बोलायची तेव्हा ती 'जर्मन बाई' म्हणजे कोण हे मला ठाऊक नव्हतं. कॉलेजात असताना 'मेट्रोपोलिस'च्या श्रेयनामावलीत नाव वाचलं आणि नंतर कधीतरी दोन्ही टोकं जुळली.

कुंदकळी

काय सांगतेस! झिगफ्रीडचा मृत्यू लिहिणारी बाई आणि बेळगुंदी एका वाक्यात येतील असं वाटलं नव्हतं.

अनुस्वार

याच हार्बूने पुढे नाझी पक्षाचं सभासदत्व घेतलं हेही सांगायला हवं. आणि १९३३मध्ये 'नीबेलुंगेन'चा पहिला भाग 'झिगफ्रीड' आवाज जोडून पुन्हा काढला तेव्हा गोटफ्रीड हुपर्ट्झच्या मूळ संगीताऐवजी वागनर घातला. लांगला वागनर नको होता. मूकपटाला आवाज दिला की तो आवाज कुणाचा हा प्रश्न येतोच.

रीळवाला

बोलीचा मुद्दा कुणी काढला नाही म्हणून.

हाउप्टमानचं 'दी वेबर', म्हणजे विणकर. १८४४मध्ये सायलेशियात हातमागवाल्यांनी उठाव केला त्यावरचं नाटक. आधी त्याने ते तिथल्या बोलीतच लिहिलं होतं. भुकेली माणसं कशी बोलतात, मालकापुढे शब्द कसे तुटतात, हे सगळं बोलीत. १९२७मध्ये फ्रीडरिश त्सेल्निकने मूकपट केला. बोली गेली. मग त्याने काय केलं, तर पाट्यांची अक्षरंच चित्रकार जॉर्ज ग्रोसकडून काढून घेतली. छापील सरळ अक्षरं नाहीत, हाताने काढलेली, ओबडधोबड. वाचताना आवाजाचा बाज डोळ्यांना कळतो. तुकडा कापडाचा हातात धरून उभा राहिलेला म्हातारा आणि त्यावरून बोट फिरवून खोट काढणारा मुकादम बघितला की पाटी न वाचताही मजुरी कापली गेली हे समजतं.

तेव्हा प्रश्न 'शब्द आहेत की नाहीत' एवढा सोपा नाही. पाटीवरचं अक्षरसुद्धा चित्रच आहे.

कुंदकळी

मी आतल्या आवाजाचं विचारते. आर्थर श्निट्झलरची 'फ्रॉइलाइन एल्झे', १९२४. (व्हिएन्नाचा आहे, जर्मन नव्हे, पण भाषा जर्मन, म्हणून धाग्यात बसवून घ्या.) सबंध कथा एका एकोणीस वर्षांच्या मुलीच्या डोक्यात घडते. वडिलांचं कर्ज फेडायला एका श्रीमंत माणसाकडे पैसे मागायचेत आणि तो बदल्यात तिला नग्न बघू दे म्हणतो. बाहेर ती नीट बोलते, हसते. आत जे चाललंय ते फक्त आपल्याला ऐकू येतं.

१९२९मध्ये पाउल त्सिनरने मूकपट केला, एलिझाबेथ बेर्गनर एल्झे. गोष्ट सेंट मॉरिट्झला हलवली, बर्फ, हॉटेल, खेळ. पण आत जायची वाट बंद झाल्यावर त्यांनी बेर्गनरला चालवलंय. हॉटेलच्या दिवाणखान्यात ती त्या माणसाच्या आसपास घुटमळते, जवळ जाते, वळते, पुन्हा येते. कॅमेरा तिच्या मागे मागे. इतका वेळ की बघणाऱ्याचा जीव कासावीस होतो. मनातलं वाक्य एकही कळत नाही, आणि मागणं किती अवघड आहे हे मात्र कळतं.

थोमास मानच्या 'बुडेनब्रूक्स'चा १९२३चा मूकपट इतका सुदैवी नाही. एका घराण्याच्या चार पिढ्यांचा संथ ऱ्हास थॉमस बुडेनब्रूकच्या संसारात आणि व्यापारात आटवला, आणि नावांपलीकडे त्यात फारसं काही उरलं नाही अशी खुद्द मानचीच तक्रार होती. मी लेखकाच्या बाजूने. काळ जाताना दाखवणं हे कादंबरीचं काम, पानं उलटावी लागतात त्याला.

भुईचाफा

दोन दिवस या धाग्यावर येऊन जाऊन मला माझं दुखणं नेमकं कळलंय. मी उगाच शब्दांचं रडगाणं गात होतो.

म्युनिककरांनी दोनदा तेच दाखवलं. लेसिंगची आग, झिगफ्रीडचं पान. दोन्ही ठिकाणी मुळात कुणीतरी कुणाला तरी सांगतं. नाथान मठवासीला सांगतो, क्रीमहिल्ड हागनला. सांगणाऱ्याला सांगताना काय होतं आणि ऐकणाऱ्याचं काय होतं, त्यातच नाट्य असतं. मूकपटाला सांगता येत नाही. म्हणून तो दाखवतो. आणि दाखवायचं म्हटलं की ते घडलं तेव्हाच दाखवावं लागतं.

आता ग्रेटशेन. नाटकात तिने बाळाला बुडवलं ते आपल्याला दिसत नाही. मधल्या काळात फाउस्ट मेफिस्टोबरोबर डोंगरावर चेटकिणींच्या रात्री भटकतोय, आणि आपणही त्याच्याबरोबरच आहोत. परत येतो तेव्हा ती तुरुंगात. तिला वाटतं मारेकरी आला. म्हणते, आधी बाळाला पाजू दे. मग मध्येच त्याला वाट सांगायला लागते : लवकर जा, वाचव त्याला, ओढ्याच्या कडेने वर, साकव ओलांडून, रानात, डाव्या हाताला फळी आहे तिथे, तळ्यात. धर त्याला, अजून हातपाय हलवतंय!

फळी कुठे आहे हे तिला पक्कं आठवतंय. बाळ गेलंय हे नाही. मी हा प्रवेश तालमीत बसवलाय. पोरगी 'डाव्या हाताला' म्हणताना खरंच डावा हात उचलायची.

चित्रपटात बाळ बर्फात गारठून जातं. तिला सगळ्यांनी दारं बंद केलेली, तिला भास होतो की समोर पाळणा आहे, त्यात ती त्याला ठेवते. ठेवते बर्फात. म्हणजे तिच्या हातून काही झालंच नाही! गटेने तिच्यावर जो भार टाकला तो मुर्नाउने काढून घेतला. माझं भांडण इथे आहे.

अनुस्वार

दादा, हा प्रतिसाद वर्गात वाचून दाखवायची परवानगी द्या.

कुंदकळी

माझं मत वेगळं. त्याच दृश्यानंतर ती किंचाळते, आठवतंय? शिपाई पकडतात, तिचं तोंड उघडतं, आणि तो चेहरा तसाच पडदाभर होऊन डोंगरदऱ्यांवरून धावत जातो, दूर फाउस्टपर्यंत. आवाज नाही. आवाज असता तर एक किंकाळी ऐकून संपली असती. इथे ती संपत नाही, जमिनीवरून चालत राहते. गटेकडे शेवटी 'हाइनरिश! हाइनरिश!' (फाउस्टचं पहिलं नाव) अशी हाक विरत जाते. ती हाक मुर्नाउने घेतली आणि तिला अंतर कापायला लावलं. भार काढला असेल, हाक सोडली नाही.

आणि कामिला होर्न तेव्हा किती नवखी होती! तो चेहरा अभिनय केल्यासारखा वाटतच नाही.

भुईचाफा

हाकेचं मान्य. भाराचं नाही. इथे आपण दोघंही थांबू.

शाईची_दौत

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. गटात काल हा धागा मोठ्याने वाचला, नेहमीप्रमाणे पाळीपाळीने. बेळगुंदीच्या प्रतिसादावर अर्धा तास गेला.

मूळ प्रश्न होता चित्रपटाआधी काही पुन्हा वाचायचं का. ठरलं ते असं : आधी काही वाचायचं नाही. चित्रपट बर्फाच्या दृश्यापर्यंत आणि त्या किंकाळीपर्यंत बघायचा. तिथे थांबवायचा. दिवे लावायचे नाहीत, पडदा काळा. आणि अंधारात विंदांच्या अनुवादातला तुरुंगाचा प्रवेश एकीने वाचायचा, ओढा, साकव, डावीकडची फळी, सगळा. मग चितेचा शेवट बघायचा.

भुईचाफादादा, तुम्ही पुण्यातच असाल तर फाउस्टची वाक्यं वाचायला याल का? ग्रेटशेन आमच्यातली सगळ्यात धाकटी वाचणार आहे. ती अकरावीत आहे आणि आत्तापासून घाबरली आहे.

भुईचाफा

येतो. तिला म्हणावं, पाठ करू नकोस. कागद हातात धर, आणि 'डाव्या हाताला' आलं की थोडी थांब. अंधारात टॉर्च लागेल, मी आणतो.

रीळवाला

थांबवायची जागा आधी दोनदा लावून बघा, नाहीतर किंकाळी अर्ध्यात कापली जाईल. प्रत कुठली मिळाली ते कळवा, मिनिटांचा हिशेब करून देतो.